आजीचा सीटी स्कॅन आणि माझा राहिलेला एम-थ्री

सेकंड इयरला माझा एम-थ्री राहिला. आमच्या विंगमध्ये ही काही बातमी नव्हे. दरवर्षी निम्म्या खोल्यांत कुणा ना कुणाचा राहतोच. फोरियर ट्रान्सफॉर्मचे युनिट मी सरळ ऑप्शनला टाकले होते. ‘याचा पुढे उपयोग काय?’ हा आपला ठरलेला प्रश्न आणि ‘पेपरला येतं’ हे ठरलेले उत्तर. बाकी टर्मवर्क, सबमिशन, ओरल यांच्या गडबडीत विचार करायला वेळ कुणाला असतो?

त्याच सुट्टीत गावी गेलो तर आजीचे काहीतरी बिनसलेले. महिन्यापूर्वी ती अंगणात घसरून पडली होती. मुका मार म्हणून शेकले, लेप लावला आणि सगळे विसरून गेले. मग तिचे डोके दुखायला लागले, बोलताना शब्द सापडेनात, चालताना एक पाय ओढायला लागली. ‘वय झालं आता’ असे जो तो म्हणायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र जिल्ह्याला नेऊन सीटी स्कॅन करा म्हणून सांगितले. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखा एक डाग होता. रक्त साचले होते आणि ते मेंदूला दाबत होते. दुसऱ्या दिवशी कवटीला दोन लहान भोके पाडून ते काढले. आठवड्याने आजी घरी आली आणि पंधरवड्यात मला ‘पुस्तक घे हातात’ म्हणून ओरडायलाही लागली.

स्कॅनच्या खोलीबाहेर बसलो असताना मी तिथल्या टेक्निशियनला विचारले होते, ‘काका, आत न शिरता आतलं कसं काय दिसतं?’ ते म्हणाले, ‘मशीन गोल फिरतं, बाकी सगळं कॉम्प्युटर करतो.’

हे ‘बाकी सगळं’ माझ्या डोक्यात राहिले. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत शोधायला बसलो आणि लक्षात आले की मी जे युनिट ऑप्शनला टाकले होते तेच ते ‘बाकी सगळं’. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. त्याच गणिताचा माग काढत मी आधी आकाशात, मग रेणूंमध्ये आणि शेवटी आपल्या शेजारच्या नारायणगावात पोचलो. त्याचीच ही हकीगत.

चार खणांचा डबा

मित्रांनो, आधी एक कोडे. माझ्या रूम पार्टनरकडे चार खणांचा एक डबा आहे, दोन खण वर आणि दोन खाली. प्रत्येक खणात काही लाडू आहेत. झाकण उघडायचे नाही. तो फक्त बेरजा सांगणार.

वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ७. डावा उभा स्तंभ ६, उजवा ८. सांगा कुठल्या खणात किती?

करून पाहा, एक उत्तर निघत नाही. वर ३ आणि ४, खाली ३ आणि ४ हेही चालते. वर ५ आणि २, खाली १ आणि ६ हेही चालते. म्हणजे दोन दिशांनी पाहून भागत नाही. आता तो तिरप्या बेरजाही सांगतो. डावीकडे वरून उजवीकडे खाली ११, आणि दुसरी तिरपी ३. आता पहिले उत्तर बाद होते, कारण ३ आणि ४ मिळून ७ होतात, ११ नाही. दुसरे उत्तर बरोबर बसते.

सीटी स्कॅन म्हणजे हेच कोडे, फक्त खण हजारो. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना वाटेतला प्रत्येक तुकडा त्याचा काही भाग शोषून घेतो. पलीकडे किती किरण पोचले ते मोजायचे आणि त्याचा लॉग घ्यायचा. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि त्या वाटेवरच्या सगळ्या ‘खणांची’ बेरीज हातात येते. एका दिशेने अशा शेकडो बेरजा म्हणजे एक सावली. साधा एक्स-रे ही एकच सावली असते. यंत्र फिरवून अनेक दिशांनी सावल्या घ्यायच्या आणि त्यांवरून आतले शोधून काढायचे, हे झाले सीटी.

आता समीकरणे न मांडता डबा सोडवायची एक युक्ती पाहा. प्रत्येक खणातून तीन रेषा जातात: एक आडवी, एक उभी, एक तिरपी. त्या तिन्ही बेरजा त्या खणात लिहून मिळवा. वरचा डावा खण: ७ + ६ + ११ = २४. वरचा उजवा: ७ + ८ + ३ = १८. खालचा डावा: ७ + ६ + ३ = १६. खालचा उजवा: ७ + ८ + ११ = २६. हे खरे आकडे नव्हेत, पण कुठे जास्त आणि कुठे कमी याचा अंदाज येतो. चित्र आहे, पण धूसर. का धूसर? कारण प्रत्येक खणाने स्वतःला तीनदा मोजले आणि बाकीच्या तिघांना एकेकदा. म्हणजे त्यात स्वतःची दुप्पट अधिक सगळ्या लाडवांची बेरीज आली. सगळे लाडू १४. तेव्हा प्रत्येक आकड्यातून १४ वजा करा आणि उरलेले निम्मे करा. ५, २, १, ६. बरोबर उत्तर!

सावल्या उलट दिशेने पसरवायच्या आणि मग शेजाऱ्यांमुळे आलेला धूसरपणा वजा करायचा. हे दोन टप्पे लक्षात ठेवा. आजीच्या फिल्मवरची चंद्रकोर दाखवायलाही हेच दोन टप्पे लागतात.

कोडे एक, सोडवणारे अनेक

हे कोडे पहिल्यांदा पूर्णपणे सोडवले १९१७ साली योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने. त्याला ना दवाखान्याशी देणेघेणे ना आकाशाशी. त्याने सूत्र मांडले, सिद्धता दिली आणि ते एका जर्मन नियतकालिकात छापले गेले.

१९५६ साली स्टॅनफर्डमध्ये रोनाल्ड ब्रेसवेल या रेडिओ खगोलशास्त्रज्ञापुढे तेच कोडे आले. त्याच्या काळातल्या दुर्बिणींना सूर्यावरचा एक ठिपका वेगळा दिसत नसे. सूर्यावरून जाणाऱ्या एका अरुंद पट्टीतून येणाऱ्या सगळ्या रेडिओ लहरींची बेरीजच तेवढी मिळे. पट्ट्या वेगवेगळ्या दिशांनी घेऊन सूर्याचा नकाशा कसा करायचा ते त्याने दाखवले. म्हणजे सूर्याचा सीटी स्कॅनच म्हणा ना!

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला ॲलन कॉरमॅक हा भौतिकशास्त्राचा अध्यापक एका इस्पितळात अर्धवेळ कामाला जात होता. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देताना शरीराचा कुठला भाग किती किरण शोषतो हे ठाऊक हवे, असे त्याला वाटले. त्याने कोडे स्वतःच सोडवले आणि १९६३ व १९६४ साली दोन शोधनिबंध छापले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. निबंधाची प्रत मागणाऱ्या पत्रांतले सर्वांत मजेदार पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राचे होते, असे त्याने पुढे नोबेल व्याख्यानात सांगितले. राडोनने हे आधीच करून ठेवले आहे, हे त्याला कळायला चौदा वर्षे लागली.

इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतला इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांपैकी कुणाच्याच वाटेने गेला नाही. लेथच्या बेडवर त्याने पहिले प्रायोगिक यंत्र उभे केले. एका नमुन्याचे स्कॅनिंग करायला नऊ दिवस लागायचे, आणि मग २८,००० मोजमापांवरून चित्र काढायला मोठ्या संगणकाला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात एका स्त्रीच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला. पुढे १९७९ साली कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. वैद्यकीय नाही आणि पीएचडीचाही नाही.

आणि त्याच १९७१ साली आपल्याकडचे एक नाव यात येते, ते आहे जी. एन. रामचंद्रन यांचे. बायोकेमिस्ट्रीवाल्यांना ते ‘रामचंद्रन प्लॉट’मुळे माहीत असतात. प्रथिनांची साखळी कुठल्या कोनात वळू शकते आणि कुठल्या नाही, हे सांगणारा हा १९६३ सालचा नकाशा आजही प्रथिनांच्या रचना तपासायला वापरतात. हे रामचंद्रन १९४२ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला! सी. व्ही. रामन यांच्याकडे गेले आणि फिजिक्सचे झाले. रेणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रे म्हणजे पुन्हा सावल्याच. त्या जोडण्यासाठी त्यांनी आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी एक सुटसुटीत पद्धत काढली. प्रत्येक सावली पसरवण्याआधीच ती शेजाऱ्यांच्या वजाबाकीने नीट करून घ्यायची. आपल्या भाषेत कन्व्हॉल्यूशन. डब्यातले ‘१४ वजा करा’ आठवते? तेच काम, फक्त आधी उरकलेले. याच पद्धतीचे भाऊबंद पुढे कित्येक वर्षे जगभरच्या सीटी यंत्रांत चालत राहिले.

फोरियर मध्येच कुठून आला?

फोरियरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उष्णता कशी पसरते याचा अभ्यास करताना सांगितले की कुठलाही वेडावाकडा आलेख साध्या साइन-कोसाइन लहरींच्या बेरजेने बनवता येतो. कुठली लहर किती, याची यादी म्हणजे फोरियर ट्रान्सफॉर्म. चित्राचेही तसेच. सावकाश बदलणाऱ्या लहरी चित्राचा ढोबळ आकार देतात आणि जलद बदलणाऱ्या लहरी कडा आणि बारकावे देतात.

ब्रेसवेलने वापरलेली गोष्ट अशी: एका दिशेने घेतलेल्या सावलीचा फोरियर ट्रान्सफॉर्म काढला, की मूळ चित्राच्या द्विमितीय ट्रान्सफॉर्ममधली, मध्यबिंदूतून जाणारी एक रेघ तयार मिळते. वेगवेगळ्या दिशांच्या सावल्या म्हणजे सायकलच्या चाकाच्या आऱ्या. पुरेशा आऱ्या झाल्या की चाक भरते. मग उलट ट्रान्सफॉर्म घ्या, चित्र तयार.

आता धूसरपणाचे कारणही दिसते. आऱ्या मध्याशी दाटीवाटीने असतात आणि धावेजवळ विरळ. म्हणजे ढोबळ लहरी जास्त मोजल्या गेल्या, बारकाव्यांच्या कमी. म्हणून प्रत्येक लहरीला तिच्या फ्रिक्वेन्सीने गुणायचे, की हिशेब जुळतो. ओरलला कुणी ‘रॅम्प फिल्टर का लावतात?’ असे विचारले तर आता सायकल आठवा.

एमआरआयचेही असेच झाले. पॉल लॉटरबर याने १९७३ साली पहिली चित्रे काढली ती सावल्या जोडूनच. १९७५ साली झुरिकमध्ये अनिल कुमार, डिटर वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी सावल्यांना फाटा देऊन थेट फोरियरच्या जागेतली मोजमापे घ्यायची पद्धत मांडली. यांतले पहिले नाव भारतीय आहे. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पुढे अनेक वर्षे काम केले.

खोडदच्या ४३५ जोड्या

पुण्याहून नाशिककडे निघालात की साधारण ८० किलोमीटरवर नारायणगाव लागते. तिथून आत खोडद. शेतांमधून मोठमोठ्या जाळीच्या तबकड्या दिसायला लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे मीटर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मधल्या भागात आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या.

कुठल्याही दोन तबकड्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले की आकाशाच्या चित्राच्या फोरियर ट्रान्सफॉर्ममधला एक बिंदू मिळतो. जवळच्या जोडीकडून ढोबळ लहर, दूरच्या जोडीकडून बारीक लहर. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. शिवाय पृथ्वी फिरते, तसतशी प्रत्येक जोडीची आकाशाकडून दिसणारी दिशा बदलते आणि नवे बिंदू मिळत जातात. सीटीमध्ये यंत्र माणसाभोवती फिरते; इथे फिरवण्याचे काम पृथ्वी फुकटात करते.

ही दुर्बीण ज्यांनी उभी केली ते गोविंद स्वरूप. त्यांनी १९६१ साली पीएचडी केली ती कुणाकडे? स्टॅनफर्डला, ब्रेसवेल यांच्याकडे! होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ साली परत आले. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या जुन्या सहाफुटी ३२ तबकड्या घेऊन १९६५ साली त्यांनी कल्याणला पहिली दुर्बीण उभी केली, मग उटी, मग खोडद. २०२० साली ते वारले. म्हणजे आजीच्या फिल्ममागचे गणित ज्या घराण्यातले, त्याच घराण्याचे एक दार आपल्या एस.टी.च्या रस्त्यावर आहे, आणि आपण तिथून सहलीच्या बसमधून अंताक्षरी खेळत जातो.

हरवलेली अर्धी माहिती

चौथे दार जीवरसायनशास्त्राचे. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते. प्रत्येक ठिपका म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनच्या चित्राच्या फोरियर मालिकेतली एक संज्ञा. पण गोम अशी, की ठिपक्याच्या ठळकपणावरून लहर किती मोठी ते कळते, ती कुठून सुरू होते, म्हणजे तिची फेज, ते कळत नाही. अर्धी माहिती हरवलेली. ती परत मिळवायला रेणूला जड अणू चिकटवून पुन्हा पुन्हा मोजावे लागे.

डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचा पहिला फोटो १९३५ साली घेतला. रचना उलगडली १९६९ साली. चौतीस वर्षे! सुरुवातीच्या काळात या बेरजा हाताने करत. साइन-कोसाइनच्या किमती छापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लाकडी पेटीत असायच्या. हव्या त्या पट्ट्या काढायच्या, एकाखाली एक मांडायच्या आणि बेरीज करत बसायचे.

मग संगणक आले. केंब्रिजला एड्सॅक आणि त्यानंतरचा एड्सॅक-२ या यंत्रांवर केंड्र्यूचा मायोग्लोबिन हा प्रथिनाचा रेणू उलगडला, आणि त्याच यंत्रांवर मार्टिन राइल याचे रेडिओ आकाशाचे हिशेबही झाले. एकाला १९६२ साली रसायनशास्त्राचे नोबेल, दुसऱ्याला १९७४ साली भौतिकशास्त्राचे.

तरीही ट्रान्सफॉर्मचा हिशेब महाग होता. साध्या पद्धतीने १,०२४ बिंदूंना साडेदहा लाखांच्या घरात गुणाकार लागतात. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी एफएफटी मांडला. तेच काम सुमारे दहा हजारांत, म्हणजे शंभरपट कमी. हिशेब जितका मोठा तितकी बचत जास्त. मागाहून लोकांच्या लक्षात आले की लघुग्रहांच्या कक्षा काढताना गाउस याने १८०५ च्या सुमारास हीच युक्ती वापरली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली, तीही लॅटिनमध्ये. कोण वाचणार? आज एफएफटी एमआरआयमध्ये आहे, खोडदला आहे आणि हॉस्टेलच्या वाय-फायमध्येही आहे. तुम्ही मेसच्या रांगेत मोबाइलवर स्क्रोल करता तेव्हा तो सेकंदाला हजारो वेळा चालतो.

मग बिघडले काय?

हे सगळे वाचून आधी मला भारी वाटले. नंतर जरा वाईटही वाटले. राडोन, ब्रेसवेल, कॉरमॅक, हाउन्सफील्ड, रामचंद्रन. एकच कोडे किती वेळा, किती ठिकाणी सोडवले गेले! निव्वळ एकमेकांचे वाचले नाही म्हणून उशीर झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१७ साली राडोनचे सूत्र चालवायला संगणकच नव्हता. पण १९५६ ते १९७१ या पंधरा वर्षांचे काय? तेव्हा संगणक होते. सूत्र खगोलशास्त्राच्या कपाटात होते. दवाखाना रस्त्यापलीकडे होता.

त्या काळी डोक्यात काय बिघडले हे पाहायला पाठीच्या कण्यातून हवा आत सोडून एक्स-रे काढत. रुग्णाला भयंकर वेदना होत. माझी आजी १९६० साली पडली असती तर तिच्या वाट्याला तेच आले असते, नाहीतर ‘वय झालं’ हे तर होतेच.

आपल्या हॉस्टेलमध्ये एका मजल्यावर सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर, ई अँड टीसी सगळे राहतात. एकमेकांचा साबण, चार्जर, बाइक सर्रास वापरतो, पण शेजारचा कुठला प्रश्न सोडवतोय हे विचारत नाही. माझ्या शेजारच्या खोलीतला मेकॅनिकलवाला यंत्राच्या थरथरीचा प्रोजेक्ट करत होता. सहा महिने तो ज्यावर अडला होता ते आमच्या सिग्नल्सच्या पहिल्या प्रॅक्टिकलला होते. आम्हाला कळले ते सबमिशनच्या आदल्या रात्री. लायब्ररीतल्या दुसऱ्या ब्रँचच्या कपाटापर्यंत जायला कुणाची परवानगी लागत नाही. सर मंडळींनाही एक विनंती: फोरियर शिकवताना पहिल्या तासाला फळ्यावर इंटिग्रल लिहिण्याआधी एखादी सीटीची फिल्म खिडकीशी धरून दाखवा. निदान काही जण तरी ते युनिट ऑप्शनला टाकणार नाहीत.

एम-थ्री पुढच्या खेपेला सुटला. मार्क ५२. फोरियरचा प्रश्न मी पहिला सोडवला.

जाता जाता, तुमच्यासाठी एक डबा. वरची ओळ ९, खालची ६. डावा स्तंभ ८, उजवा ७. डावीकडे वरून उजवीकडे खाली जाणारी तिरपी ४, दुसरी तिरपी ११. समीकरणे न मांडता, पसरवा आणि वजा करा. उत्तर आले की आमच्या खोलीवर या. लाडू खरे आहेत, आणि आजीनेच वळलेले आहेत.

— टी. ई., ई अँड टीसी